नव्या घरात ड्रेनेज पुन्हा पुन्हा तुंबतंय? अडलंय कुठे ते असं शोधा

साताऱ्याजवळ आम्ही घर बांधलं, वास्तुशांत झाली, राहायला आलो आणि तिसऱ्याच आठवड्यात खालच्या बाथरूममध्ये आंघोळीचं पाणी घोट्याएवढं साचलं. प्लंबर आला, जाळी काढून स्प्रिंग, म्हणजे पाईप मोकळा करायची लांब लवचीक तार, घातली, पाणी खळाळून गेलं. बावीस दिवसांनी पुन्हा तेच. मग अठरा दिवसांनी. पाचव्या खेपेला मी विचारलं, "निघालं काय?" तर तो म्हणाला, "केसच असणार, साहेब." ते बाथरूम तेव्हा फक्त माझे वडील वापरत होते, आणि त्यांचे केस कायम बारीक कापलेले. तेव्हा डोक्यात आलं, की आपण दर वेळी पाणी मोकळं करून घेतोय, पण ते कशाला अडतंय हे एकदाही पाहिलेलं नाही.

या लेखात सांगायचं आहे ते एवढंच. वीस-पंचवीस वर्षं वापरलेल्या घरात लाइन तुंबते ती बहुधा वापरामुळे. नव्या घरात एकाच जागी पुन्हा पुन्हा तुंबत असेल, तर कारण बहुतेक वेळा बांधकामात असतं: आत राहिलेलं सिमेंट, चुकलेला ढाळ, खचलेला भराव, बंद राहिलेला हवेचा पाईप. स्प्रिंग मारून ते जात नाही. म्हणून प्रत्येक तुंबणं ही माहिती मिळवायची संधी समजा. खाली दिलेल्या क्रमाने गेलात तर निम्म्याहून अधिक काम फोडाफोडी न करता होईल.

पाणी जातं कुठून कुठे

बाथरूमच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. प्लंबर त्याला नानी ट्रॅप म्हणतात, पण शब्द आपल्या न्हाणीचाच. या वाटीत कायम साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं राहतं आणि तेच गटाराचा वास व झुरळं अडवतं. तिथून बहुधा ७५ मिलिमीटरचा पाईप फरशीखालून बाहेर जातो. संडास-बाथरूमखालचा स्लॅब त्यासाठीच मुद्दाम फूटभर खाली घेतलेला असतो; पाईप टाकून झाले की वर विटांचे तुकडे आणि कोबा भरून फरशी बसवतात. म्हणजे पाईप दिसायची शेवटची संधी फरशीच्या आधीच असते.

स्वतंत्र घरात बाथरूमचं आणि स्वयंपाकघराचं पाणी बाहेर गल्ली ट्रॅपमध्ये, म्हणजे वर जाळी असलेल्या छोट्या कुंडीत, पडतं. कमोडचा ११० मिलिमीटरचा पाईप थेट चेंबरमध्ये जातो. मग चेंबरमागून चेंबर करत सगळं नगरपालिकेच्या लाइनला किंवा सेप्टिक टँकला मिळतं. उभ्या पाईपचं वरचं टोक गच्चीच्या वर उघडं सोडलेलं असतं, ते हवेसाठी. हा रस्ता कागदावर काढा. नकाशा नसेल तर घराभोवती फिरून चेंबर मोजा आणि कुठला पाईप कुठे पडतो ते नळ सोडून पाहा. पुढचं सगळं या कागदाच्या आधारे करायचं आहे.

आधी एक वही

एकच जागा तुंबते, की एकाच वेळी दोन-तीन? फक्त एक बाथरूम अडत असेल तर दोष त्याच्या ट्रॅपमध्ये किंवा त्याच्याच पाईपमध्ये. कमोड फ्लश केल्यावर बाथरूमच्या जाळीतून पाणी वर येत असेल तर दोष दोघांच्या सामाईक लाइनमध्ये. तळमजल्यावरचं सगळंच अडत असेल तर बाहेरचं चेंबर, मुख्य लाइन किंवा सेप्टिक टँक बघायचा.

तारीखही लिहा. ठरावीक दिवसांनी तुंबत असेल, तर आत कुठेतरी अडसर आहे आणि त्यावर घाण साचत जाते, असं समजा. मोकळं केल्यावर दुसऱ्याच दिवशी अडत असेल तर काहीतरी घट्ट वस्तू बसली आहे. पाहुणे आले, वॉशिंग मशीन आणि आंघोळ एकदम चालली, की मगच अडतं? मग पाईपची जाडी, ढाळ किंवा हवा, या तिघांपैकी काहीतरी. आणि फक्त पावसात अडत असेल तर गच्चीचा किंवा अंगणाचा पाईप कुणीतरी ड्रेनेजला जोडला आहे का, ते पाहा. हे सर्रास केलेलं असतं, कारण त्या वेळी तेवढाच पाईप वाचतो.

चेंबर उघडा, आणि तुंबलेलं असतानाच उघडा

प्लंबर येण्याआधी, बाथरूममध्ये पाणी साचलेलं असतानाच, बाहेरच्या चेंबरचं झाकण काढा. चेंबर कोरडं असेल आणि आत पाणी साचलेलं असेल, तर अडथळा या दोघांच्या मध्ये. चेंबर काठोकाठ भरलेलं असेल, तर अडथळा त्याच्या पुढे. घरातलं काहीही फोडू नका. एकामागून एक झाकणं उघडत जा. जे शेवटचं भरलेलं आणि त्यापुढचं जे पहिलं रिकामं, त्या दोघांमधला तुकडाच दोषी. हे पाहायला दहा मिनिटं लागतात. आमच्याकडे पाच वेळा प्लंबर येऊन गेला, पण हे कुणी पाहिलं नव्हतं.

झाकण काढल्यावर लगेच तोंड आत घालू नका. पाचएक मिनिटं उघडं ठेवा, काडी पेटवू नका, मुलांना लांब ठेवा. चेंबर उथळ असेल तर वाकून पाहता येतं. खोल चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये मात्र स्वतः उतरू नका आणि दुसऱ्या कुणालाही उतरवू नका. आतला हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही मरतो, अशा बातम्या आपण दर वर्षी वाचतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कुणी शे-पाचशे जास्त मागून "मी उतरतो" म्हणाला तरी त्याला नाही म्हणा आणि मैला उपसणारा टँकर बोलवा.

चेंबर उघडलंच आहे तर त्याचा तळ पाहून घ्या. तळाशी पाईपच्या रांगेत अर्धगोल नाळ हवी आणि दोन्ही बाजूंनी त्या नाळेकडे उतरता सिमेंटचा ढाळ हवा. नव्या घरांत बरेचदा तळ सपाट सोडलेला असतो, किंवा गवंड्याने उरलेला माल, विटेचे तुकडे तिथेच टाकलेले असतात. सपाट तळावर मैला पसरतो, पाणी निघून जातं आणि घाण राहते. नाळ करून घेणं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

निळीची बादली

आता पाणी वाहतं असताना परीक्षा घ्यायची. एका मोठ्या बादलीत, म्हणजे वीसएक लिटरमध्ये, कपड्यांची नीळ घाला. एक माणूस चेंबरशी उभा करा. बादली बाथरूमच्या जाळीवर एकदम ओता आणि सेकंद मोजा: निळं पाणी चेंबरमध्ये यायला किती लागले, आणि धार थांबायला किती. अमुकच सेकंद हवेत असा आकडा मी सांगणार नाही, कारण तो अंतरावर ठरतो. दुसऱ्या, न तुंबणाऱ्या बाथरूममध्ये हेच करा आणि तुलना करा. आमच्या वरच्या बाथरूमचं पाणी भळकन येऊन थांबलं. खालच्याचं बारीक धारेनं बराच वेळ येत राहिलं, आणि तेही नुकतंच स्प्रिंग मारलेलं असताना. म्हणजे "मोकळी" झालेली लाइनसुद्धा मोकळी नव्हती.

निळं पाणी आलंच नाही, किंवा भलत्याच चेंबरमध्ये आलं, तर तुमच्या कागदावरचा रस्ता चुकला आहे. आलेलं पाणी स्पष्ट कमी वाटलं तर पाईप कुठेतरी फुटलेला किंवा सांधा सुटलेला असू शकतो. भिंतीच्या पायथ्याला ओल दिसते का, ते लगेच पाहा.

ट्रॅपमध्ये हात घाला

नव्या घरातला सगळ्यात मोठा गुन्हेगार इथे बसलेला असतो. फरशीवाला ग्राउट कालवतो, सांधे भरतो आणि स्पंजची बादली बाथरूममध्येच ओततो. गवंडी थापी आणि घमेलं तिथेच धुतो. पॉलिशवाल्याचा पांढरा राडा, रंगाऱ्याची पुट्टी, पीओपीवाल्याचं हात धुतलेलं पाणी, सगळं त्याच जाळीतून जातं. आणि सिमेंट पाण्याखालीही घट्ट होतं. सुकावं लागतच नाही. ट्रॅपच्या वाटीत पाणी कायम उभं असल्यामुळे जड राळ तिथेच बसते आणि दोन दिवसांत दगड होते. वाटी भरली नसेल तेवढं पाणी जात राहतं, म्हणून ताबा घेताना कुणाला काही कळत नाही. राहायला आल्यावर साबण, तेल, केस त्या खडबडीत दगडाला धरतात आणि तीन आठवड्यांत तोंड बंद होतं. स्प्रिंग ते मऊ मऊ काढते. दगड तिथेच.

हातमोजे घाला, जाळी काढा, आतली सुटी वाटी असेल तर तीही काढा. मगने पाणी उपसा आणि बोटांनी तळ चाचपा. पीव्हीसी गुळगुळीत लागतो. खरखरीत, वरखाली थर लागला तर ते सिमेंट. आधी पुढे जाणाऱ्या पाईपच्या तोंडात फडक्याचा बोळा बसवा आणि त्याला दोरी बांधून दोरीचं टोक बाहेर ठेवा, म्हणजे तुटलेले तुकडे पुढे जाणार नाहीत आणि बोळाही आत हरवणार नाही. सिमेंट पीव्हीसीला फार घट्ट धरत नाही. जुना स्क्रूड्रायव्हर कडेने घालून हलक्या हाताने उचकटलं तर बरेचदा अख्खी वडी सुटून येते. छिन्नी-हातोडी नको. ट्रॅपला तडा गेला तर पाणी स्लॅबवर साचेल आणि ते खालच्या छताला दिसेपर्यंत कळणारही नाही. वडी हलतच नसेल तर ट्रॅप बदलणं बरं. त्यासाठी एक-दोन फरशा जातील, पण प्रश्न संपेल.

आमच्या ट्रॅपमधून निघालेली वडी तळहाताएवढी होती आणि तिच्यात तागाच्या गोणीचे धागे अडकलेले होते. पाईपची तोंडं बांधकामाच्या वेळी गोणपाटाने बंद करतात, त्यातलंच ते.

स्प्रिंगला मोजपट्टी करा

ट्रॅप साफ करूनही निळीची बादली बारीक धारेनं येत असेल तर अडथळा पुढे आहे. स्प्रिंग हळूहळू आत सोडा. अडली की ट्रॅपच्या तोंडाशी तिच्यावर चिकटपट्टी लावा आणि बाहेर काढून जमिनीवर तिच्याच रस्त्याने पसरा. टोक येईल तिथे अडथळा. टोकाला काय लागलंय ते पाहा: केस, करडी वाळू, धागे, चरबी. प्रत्येकाचा उगम वेगळा असतो. शहरांत आता बऱ्याच प्लंबरांकडे पाईपमध्ये सोडायचा कॅमेरा असतो. फरशी फोडायची वेळ येणार असेल तर आधी कॅमेऱ्याचा खर्च करा, तो वसूल होतो.

आमच्याकडे स्प्रिंग चार फुटांवर अडली. तिथे एक काटकोनी वळण होतं आणि वळणाच्या पोटात सिमेंटचा दुसरा गोळा. काटकोनाच्या जागी पंचेचाळीस अंशांची दोन वळणं दिली असती तर तो गोळा बहुधा पुढे निघून गेला असता, आणि फरशीखाली नसलेल्या प्रत्येक वळणावर झाकणवालं, म्हणजे डोअर बेंड, दिलं असतं तर साफ करायला वाट मिळाली असती.

ढाळ आणि खचलेला भराव

पहिला दोष काढल्यावर आठ महिने काही झालं नाही. मग पहिला पावसाळा ओसरला आणि बाहेरचं पहिलं चेंबर भरायला लागलं. दुसरं रिकामं. म्हणजे दोघांमधला सहा मीटरचा तुकडा.

११० मिलिमीटरच्या पाईपला साधारण ४० ला १ ते ६० ला १ ढाळ देतात. ४० ला १ म्हणजे दर मीटरला अडीच सेंटीमीटर उतार. सहा मीटरला तो १५ सेंटीमीटर झाला; ६० ला १ धरला तर १०. हा उतार पाण्याचा वेग टिकवण्यासाठी असतो. वेग मंदावला की पाणी जातं आणि जड घाण मागे बसते. मोजायला गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल ट्यूब पुरते. दोन्ही चेंबरांवर एकाच पाणपातळीची खूण करा, त्या खुणेपासून दोन्ही ठिकाणी पाईपच्या तळापर्यंत खोली मोजा आणि वजाबाकी करा.

आमची वजाबाकी ११ सेंटीमीटर आली. ठेकेदार म्हणाला, बघा, ढाळ बरोबर आहे. टोकांचा बरोबर होताच. म्हणून आरसा लावला. ही जुनी पद्धत आहे आणि फार विश्वासाची. पाईप धुऊन कोरडा होऊ द्यायचा, एका चेंबरमध्ये तिरका आरसा धरायचा आणि दुसऱ्या चेंबरमधून पाईपमध्ये टॉर्च मारायचा. पाईप सरळ असेल तर आरशात प्रकाशाचा पूर्ण गोल दिसतो. आम्हाला चंद्रकोर दिसली, आणि कोरीच्या खाली चमकणारं पाणी. पाईप मध्येच पोटात बसला होता. टोकं जागेवर, पोट खाली.

याचं कारण नव्या घरात नेहमी सापडतं. जोत्याभोवती मुरूम-मातीचा भराव टाकतात, तो नीट चोपत नाहीत आणि त्याच दिवशी पाईप टाकून बुजवतात. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात भराव खचतो आणि पाईप त्याच्याबरोबर जातो. काळ्या मातीत आणखी एक भर पडते. ती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे पाईप दर वर्षी वरखाली होतो व सांधे सैल पडतात. देशावर, विदर्भ-मराठवाड्यात ज्यांची जमीन काळी आहे त्यांनी चराच्या तळाची काळी माती काढून टाकून मुरूम चोपून घ्यावा, वर वाळूचा थर द्यावा आणि मगच पाईप टाकावा.

दुरुस्तीला दुसरा रस्ता नाही, चर उकरावाच लागतो. आम्ही दोन मीटरचा तुकडा उघडला, मुरूम पाणी मारून थरांत चोपला, वाळू पसरली आणि पाईप पुन्हा बसवला. मातीने बुजवण्याआधी आरसा पुन्हा लावला. पूर्ण गोल दिसला. त्यानंतर त्या चेंबरकडे जावं लागलेलं नाही.

आणखी एक चाचणी सरळ लाइनला लागू पडते: पाईपच्या आतल्या व्यासापेक्षा १३ मिलिमीटर लहान गुळगुळीत चेंडू वरच्या टोकाला सोडायचा, तो खालच्या टोकाला आपोआप बाहेर यायला हवा. सांध्यातून आत आलेलं सिमेंट किंवा सुतळी असेल तर तिथे अडतो. घरी करायची असेल तर लहान चेंडू घ्या आणि त्याला नायलॉनची दोरी बांधल्याशिवाय सोडू नका.

हवेचा पाईप

पाणी जाताना गुडगुड आवाज येतो, शेजारच्या जाळीतून बुडबुडे निघतात, ट्रॅपमधलं पाणी आपोआप कमी होऊन वास येतो, अशी लक्षणं असतील तर लाइनला हवा मिळत नाही. गच्चीवर जा आणि उभ्या पाईपचं टोक पाहा. वॉटरप्रूफिंगच्या वेळी त्यात सिमेंटची पिशवी कोंबून ठेवतात आणि ती तशीच राहते. काही ठिकाणी टोक कापून बंदच केलेलं असतं. पिशवी काढा, जाळीदार टोपी बसवा. इतका सोपा उपाय बाकी कशालाच नाही, म्हणून खरं तर हे सगळ्यात आधी पाहिलं तरी चालेल.

स्वयंपाकघराचं वेगळं आहे

सिंक तुंबण्यात बांधकामाइतकाच वापराचाही भाग असतो. खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली गोठतं, तूपही थंडीत घट्ट होतं. डिसेंबरच्या सकाळी कढईतलं तेल सिंकमध्ये गेलं की ते पाईपच्या आतून थर धरतं आणि चहाचा चोथा, भाताची शितं, डोशाचं पीठ त्यावर बसतं. कढई-तवे आधी कागदाने पुसून मग घासले तर निम्मा त्रास जातो. सिंकखालचा बॉटल ट्रॅप हाताने उघडतो. खाली बादली ठेवून महिन्यातून एकदा साफ करा. बाहेरच्या गल्ली ट्रॅपवरची जाळी आठवड्याला उचला.

मोकळं करायला उकळतं पाणी ओतण्याची सवय सोडा. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, सांधे वाकतात. हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम पाणी आणि भांड्यांचा साबण चरबीला पुरतो.

बोअरवेलचं पाणी असेल तर क्षार आणि साबण मिळून पाईपला चिकट पांढरा थर बसतो, आणि नव्या बोअरमधून बारीक वाळूही येते. जाळीखाली वाळू सापडली तर घराला दोष देण्याआधी टाकीचा तळ पाहा. शाडूच्या गणपतीचं घरी विसर्जन करणाऱ्यांनी ते पाणी बाथरूममध्ये ओतू नये. शाडू ट्रॅपमध्ये बसला की सिमेंटचाच धाकटा भाऊ होतो. बादली झाडांना घाला.

बाटलीतली औषधं

कॉस्टिक सोडा चरबी आणि केसांवर चालतो, सिमेंटवर अजिबात नाही. पाण्यात पडला की प्रचंड तापतो, म्हणून थोडा थोडा, डोळे-हात झाकून वापरायचा आणि अॅल्युमिनियमला लागू द्यायचा नाही. ॲसिड सिमेंट थोडंफार खातं, पण धूर छातीत जातो, ग्राउट आणि नळाचं क्रोमियम खराब होतं आणि सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर फसफसतं खूप. गोठलेली वडी त्याने हलत नाही. एक गोष्ट मात्र नक्की पाळा: ॲसिड आणि ब्लीचिंग कधीही एकत्र होऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. आदल्या दिवशी कुणी काय ओतलंय हे प्लंबरला स्पष्टपणे सांगा, त्याचे हात आत जाणार असतात.

फ्लॅट असेल तर

नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या घरांना सर्वांत जास्त त्रास होतो. वरच्या सगळ्या घरांत वर्ष-दोन वर्षं इंटिरिअरचं काम चालू असतं, त्याचं सिमेंट आणि फरशीचा भुगा उभ्या पाईपच्या तळच्या वळणात बसतो आणि पाणी पहिल्या मजल्याच्या सिंकमधून वर येतं. तुम्ही वापरलेलंच नसलेलं पाणी तुमच्याकडे येत असेल, तर प्लंबरचे पैसे भरत बसू नका. तो सोसायटीचा आणि विकासकाचा विषय आहे.

रेरा कायद्याच्या, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या २०१६ च्या अधिनियमाच्या, कलम १४ (३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाचा, कारागिरीचा किंवा सेवांचा दोष लक्षात आणून दिला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तोंडी सांगू नका. तारखांची वही, चेंबरचे फोटो, निळीच्या बादलीचा व्हिडिओ आणि निघालेली सिमेंटची वडी जोडून लेखी कळवा. "तुम्ही केस टाकता" या उत्तराला ती वडी पुरते. दाद मिळाली नाही तर महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते.

स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधून घेतलं असेल तर हे संरक्षण नाही, करारात जे लिहिलं असेल तेच. म्हणून ड्रेनेजच्या कामाचा शेवटचा हप्ता एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचं करारातच लिहून घ्या.

अजून बांधकाम चालू असेल तर

तुम्ही भाग्यवान आहात, सगळं स्वस्तात होईल. पाईपची तोंडं गोणपाटाने नाही, घट्ट बसणाऱ्या प्लगने किंवा एंड कॅपने बंद करून घ्या. हत्यारं धुवायला बाहेर एक पिंप ठेवा आणि बाथरूममध्ये काहीही ओतायचं नाही हे फरशीवाल्याला, पॉलिशवाल्याला, रंगाऱ्याला, प्रत्येकाला वेगळं सांगा. एकाला सांगितलेलं दुसऱ्यापर्यंत जात नाही. फरशी बसण्याआधी प्रत्येक तोंडातून निळीची बादली ओता. चर बुजवण्याआधी आरसा लावा.

आणि विटांचे तुकडे भरण्याआधी प्रत्येक बाथरूमचे फोटो काढा, भिंतीपासून पाईपपर्यंत मोजपट्टी धरून, आकडे वाचता येतील असे. ते घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा. आमच्याकडे वरच्या बाथरूमचा असा एक फोटो होता, खालच्याचा नव्हता. चार फुटांवरचं ते वळण शोधताना चार फरशा फोडल्या, त्यातल्या दोन चुकीच्या जागी.